काठ सेकंडरी, मध्य प्रायमरी

मी काय काम करते हे माझी आई शेजारणींना एका वाक्यात सांगते: "लोखंडाला कुठं दुखायलंय ते बघती." या व्याख्येत मला अजून चूक सापडलेली नाही, आणि चुका काढणं हा तर माझा पिंड आहे. प्रेशर व्हेसल म्हणजे आतून दाब सोसणारं बंद भांडं. औषधांच्या कारखान्यांत अशी भांडी असतात, काही माणसाच्या दुप्पट उंच. ती बांधायच्या आधी त्यांच्या अंगात कुठे किती ताण येईल ते कॉम्प्युटरवर काढून बघायचं, हे माझं काम.

कॉम्प्युटर रंगीत चित्र काढून देतो. लाल रंग दिसला की नवी मुलं घाबरतात आणि निळा दिसला की खूश होतात. दोन्ही चूक. खरं डोकं त्यानंतर लावायचं असतं, कारण सगळे ताण सारखे नसतात. काही ताण आतल्या दाबाला थेट तोंड देत असतात. धातूने कितीही माघार घेतली तरी दाब ढकलतच राहतो, म्हणून हे ताण कमी होत नाहीत. त्यांना आम्ही प्रायमरी म्हणतो. दुसरे ताण येतात ते भांड्याचे दोन भाग एकमेकांना अडवतात म्हणून. धातूने तिथे किंचित ढिलं दिलं की ते आपोआप निवतात. नवी चप्पल चार दिवस चावते आणि मग सैल होते, तसं. हे सेकंडरी. सेकंडरी ताणाला आम्ही दुप्पट मोकळीक देतो. म्हणजे तोच आकडा प्रायमरी म्हटला तर नापास होतो आणि सेकंडरी म्हटला की पास. सगळा खेळ कुठलं नाव द्यायचं याचा असतो, आणि नाव द्यायला कॉम्प्युटर येत नाही.

आमचं ऑफिस कुकटपल्लीत, एका साडीच्या दुकानाच्या वर. भांडी बांधण्याचं शेडही आमचंच, मागच्या इंडस्ट्रियल वस्तीत. हे सगळं सरांनी उभं केलं. सर तेलुगू, वयाने सत्तरीला टेकलेले, आवाज मऊ, पण शिस्त जुन्या शाळेची. भिंतीवर त्यांनी एक मोठा तक्ता लावला आहे: भांड्याचा कुठला भाग, ताण कशामुळे, आणि त्याचा वर्ग कोणता. नव्याने लागलेल्या प्रत्येकाने तो तोंडपाठ म्हणायचा, हा आमच्याकडचा रिवाज. शनिवारी सकाळी चहाच्या आधी मुलं तक्त्याकडे पाठ करून उभी राहतात आणि म्हणतात. मी लागले तेव्हा मला ते इंग्रजीत जमेना, म्हणून मी पाढ्यांची चाल लावली. सपाट तळाचा मध्य प्रायमरी, सपाट तळाचा काठ सेकंडरी. बे एके बे, बे दुणे चार. सरांना मराठी येत नाही, पण चाल आवडली. पुढे मीच घोकून घेणारी झाले, आणि आज आमच्याकडची तेलुगू मुलं माझ्या चालीत तक्ता म्हणतात.

तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात टिपा आहेत. त्या कुणी म्हणत नाही. टिपांना चाल बसत नाही.

ज्या भांड्याची ही गोष्ट आहे ते औषधाची ओली पूड सुकवण्याचं होतं. त्याचा तळ सपाट हवा होता, कारण आतलं फिरणारं पातं पूड खरवडून काढतं आणि ते सपाट तळावरच नीट फिरतं. सपाट तळ म्हणजे आमच्या धंद्यातलं हट्टी मूल. गोल बूड दाब सहज सोसतं, सपाट तळ मधून फुगायला बघतो. मध्य फुगू बघतो तेव्हा काठाशी जोडलेली गोल भिंत त्याला धरून ठेवते, आणि त्या ओढाताणीत काठावर मोठा ताण येतो. मी तो सेकंडरीत टाकला, पास केला आणि सही ठोकली. बे दुणे चार.

तळाच्या प्लेटवरून मात्र मी तेव्हा मोठं महाभारत केलं होतं. आमच्याकडे मालाची खरेदी बघतात त्यांना सगळे मामू म्हणतात. मी ड्रॉइंगवर जाडी घासूनपुसून, लागेल तेवढीच काढली होती, तिचा मला अभिमान होता, आणि मामू सरळ त्याच्या पुढच्या मापाची जाड प्लेट घेऊन आले. कारण विचारलं तर म्हणाले, "मॅडम, बाजार में येइच है. लेना है तो लेओ, नई तो ठैरो." मी ठैरले नाही, बोलले. फुकटचं वजन, फुकटचं स्टेनलेस, गणित करणाऱ्याची किंमत शून्य. मामू पान चघळत ऐकत राहिले. सर म्हणाले, जाड आहे म्हणजे सुरक्षितच आहे, गणित पुन्हा करत बसू नकोस. मी गणित पुन्हा केलं नाही आणि मामूंशी बोलणं टाकलं. माझ्या नाकावर राग असतो हे खरं आहे, पण तो राग इतका टिकाऊ असतो हे मला स्वतःलाही वर्षावर्षाने नव्याने कळतं.

भांडं बनलं, थंड पाणी दाबाने भरून त्याची चाचणी झाली, आणि ते गेलं नेमकं माझ्या धाकट्या भावाच्या कारखान्यात.

भाऊ आईजवळ अंबरपेठेत राहतो. आमचे आजोबा नांदेडकडची शेती सोडून इकडे आले तेव्हापासून घर तेच. भाऊ शिफ्ट सांभाळतो. त्याला पॅकिंग विभागात जायची संधी आली होती, म्हणजे दिवसाची ड्यूटी, ना वास ना वाफ. आईने त्यासाठी त्याच्या मागे टुमणं लावलं होतं. त्याने नाही म्हटलं. आपल्या ताईचं व्हेसल येणार आहे, ते मीच चालवणार, असं साहेबाला सांगून आला. हे मला आईने सांगितलं, तेही तक्रार म्हणून. मला मात्र ऐकून फार बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, मी ते ऑफिसात दोन-तीनदा सांगितलंही.

सोमवारी भांडं पहिल्यांदा गरम होऊन दाबावर जाणार होतं. त्याच्या आधीच्या शनिवारी मी मुलांकडून तक्ता म्हणून घेतला आणि दुपारी आईकडे गेले. स्वयंपाकघरात भावाने बसवलेली लोणच्याच्या बरण्यांची फळी मधून खाली बसली होती. आई म्हणाली, "बघ की जरा, कालपरवापर्यंत नीट होती."

मी स्टुलावर चढून बघितलं. फळी दोन्ही टोकांना स्क्रूने ब्रॅकेटवर घट्ट आवळलेली होती. लाकूड जुनं, स्क्रूची भोकं मोठी झाली होती. स्क्रू बोटांनी फिरत होते. म्हणजे फळी पडली नव्हती, ब्रॅकेटवर नुसती टेकून होती, पण टोकांची पकड गेली होती. टोकांनी सोडल्यावर त्यांच्या वाटचंही मधल्या लाकडावर आलं, आणि मधलं लाकूड बसलं.

मी स्टुलावरच थांबले. खालून आई विचारत होती, काय झालं, पाल आहे काय.

काठाच्या ताणाला आपण सेकंडरी का म्हणतो? काठ थोडा ढिला पडला की ताण निवतो म्हणून. ठीक. पण काठाने सोडलं की त्याच्या वाटचं कुणावर येतं? मध्यावर. मध्य ते एकट्याने पेलतो का, हे मी विचारलं होतं का? नव्हतं विचारलं. माझ्या गणितात मध्य पास झाला होता तो काठाने घट्ट धरलेला असताना. म्हणजे काठाची मदत मी मध्याच्या खात्यात धरली होती, आणि त्याच काठाला तू ढिला पडलास तरी चालेल म्हणून दुप्पट मोकळीकही दिली होती. एकाच माणसाला रात्रपाळीही लावायची आणि झोपायची परवानगीही द्यायची, असला हा कारभार. आणि तक्त्याखालच्या बारीक टिपेत हेच तर आहे: मध्याला तग धरायला काठाची मदत लागत असेल, तर काठालाही प्रायमरीच म्हणा. मी ती टीप पूर्वी वाचली होती. पाठ केली नव्हती, एवढंच.

पाण्याच्या चाचणीचा आधार घेऊन बघितला, पण ती चाचणी थंड आणि एकदाच. इथे भांडं गरम होऊन रोज दाबावर जाणार, रोज काठ थोडा थोडा सोडत जाणार, आणि शेजारी माझा भाऊ.

तो जेवायला आला. सोमवारचा विषय निघालाच. भात कालवता कालवता सांगत होता की तो पॅकिंगला गेला असता तर हे व्हेसल त्याच्या शिफ्टमधल्या जोडीदाराला मिळालं असतं, तो टपूनच बसला होता. हा जोडीदार घरी येऊन जाऊन असतो, आईला अम्मा म्हणतो, त्याच्या घरचं गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं त्या फळीवर आमच्या लोणच्याशेजारीच होतं. आई म्हणाली, अजून वेळ गेली नाही, पॅकिंगचं विचार. भाऊ हसला.

संध्याकाळी त्याने मला बाइकवरून मेट्रोपर्यंत सोडलं. मागे बसून मी एकच वाक्य मनात जुळवत होते. आई म्हणते तर जा ना पॅकिंगला, उद्याच साहेबाला फोन कर. साधं वाक्य होतं, आईच्या तोंडचंच. कुणाला शंकाही आली नसती. स्टेशनपाशी उतरले, तोंड उघडलं, आणि गोंगुऱ्याची ती बरणी डोळ्यांसमोर आली. भाऊ हटला तर तिथली जागा रिकामी राहणार नव्हती. मी म्हटलं, "हेल्मेटचा पट्टा लाव." त्याने माझ्याकडे बघत पट्टा लावला आणि गेला.

स्टेशनच्या जिन्याखाली उभी राहून मी सरांना फोन लावला. शब्द फिरवले नाहीत. कुठलं भांडं, कुठला काठ, काय विसरलं ते सांगितलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण ते म्हणाले की तक्ता आपणच पाठ करायला लावला, आणि टिपा पाठ करायला कधीच सांगितलं नाही. मग म्हणाले, गणित उद्या करू, आधी कारखान्याला कळवतो की सोमवारी दाब देऊ नका. मी म्हटलं, गणितात पास झालं तर उगाच आपली शोभा होईल. ते म्हणाले, होऊ दे. त्या एका वाक्यावर मी त्यांची आणखी वीस वर्षं नोकरी करायला तयार आहे. निम्मं ओझं तिथेच उतरलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं ऑफिसात. मी गणितात काठाची पकड काढून टाकली. तळ नुसता टेकलेला, फळीसारखा. मध्याला म्हटलं, आता एकट्याने उभा राहून दाखव.

नाही राहिला. मर्यादेच्या थोडा बाहेर गेला. फार नाही, पण आमच्या धंद्यात थोडा नापास असा प्रकार नसतो. सरांनी चष्मा काढून पुसला. मला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती, म्हणून मी रागाने ड्रॉइंग पुढे ओढलं आणि आकडे एकेक करून तपासायला लागले. तळाची जाडी या आकड्यापाशी आले आणि मला मामू आठवले. पान चघळत उभे असलेले. येइच है, लेना है तो लेओ.

मी गणित केलं होतं ते माझ्या ड्रॉइंगमधल्या, घासूनपुसून काढलेल्या जाडीवर. भांड्याला लागली होती ती मामूंची प्लेट. आणि वाकण्याच्या बाबतीत जाडी थोडी वाढली तरी फायदा दामदुपटीने मिळतो.

मी जाडी बदलली आणि पुन्हा चालवलं. मध्य एकट्याने उभा राहिला. चांगला ऐसपैस उभा राहिला. काठाची मदत लागत नाही म्हटल्यावर काठ खरोखरीच सेकंडरी ठरला. प्लेट बदलली म्हणून तोही नव्याने तपासला, तोही मर्यादेत बसला.

मामूंना फोन मीच केला, इतक्या दिवसांनी. जाड प्लेट नक्की लागली ना, कुठे बदलली तर नाही ना? मामू दुखावले. "कसम से मॅडम, वोइच लगी. तुमे चिल्लाए थे ना उसके वास्ते, कैसे भूलेंगे." मी त्यांना धन्यवाद म्हटलं.

मी सरांकडे वळले तर ते मान हलवत होते. जाडी फोनवरची नको, म्हणाले, तळाची आण.

म्हणून सोमवारी सकाळी मी जाडी मोजायचं छोटं यंत्र घेऊन कारखान्यात गेले. भाऊ दारातच भेटला, वैतागलेला. तुमच्याकडच्या कुणा डिझाइनवाल्याने काम अडवून ठेवलंय म्हणाला. मी म्हटलं, तो डिझाइनवाला मीच, बॅटरी घे आणि चल. भांडं पायांवर उभं होतं, तळाखाली जेमतेम माणूस सरपटेल एवढी जागा. मी पुठ्ठा टाकून उताणी आत गेले. भाऊ बाहेर गुडघ्यांवर बसून उजेड दाखवत होता आणि मधूनमधून विचारत होता, ताई, काय बघायलीस. मी तळावर जेलचा ठिपका लावला आणि यंत्राचं टोक टेकवलं.

आकडा जाड प्लेटचा होता. मी सरकून दुसरीकडे टेकवलं, मग काठाजवळ, मग पुन्हा मध्यावर. सगळीकडे तोच. आयुष्यभर ज्याला फुकटचं वजन म्हटलं असतं ते माझ्या नाकापासून हातभर अंतरावर होतं आणि मला त्याचा मुका घ्यावासा वाटत होता. जीव भांड्यात पडला. मी तिथेच उताणी पडून हसायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांतलं पाणी कानांत गेलं. भावाला वाटलं मला तिथे गुदमरलं, त्याने माझे पाय धरून मला बाहेर ओढलं.

सरांना कळवलं, कारखान्याला लेखी दिलं, आणि दुपारनंतर दाब द्यायला हरकत नाही असं ठरलं. मधल्या वेळात आम्ही गेटबाहेर इराणी चहाला गेलो. तिथे मी भावाला सगळं सांगितलं. फळी, काठ, टीप, मामू. तो हसत ऐकत होता. मामूंना एक पानाचा डबा घेऊन दे म्हणाला. मग मी बाइकवरचं ते वाक्यही सांगितलं, जे मी जुळवून ठेवलं होतं आणि म्हटलं नव्हतं.

त्याचं हसू थांबलं. कप बशीत ठेवून त्याने गेटकडे बघितलं. तिथून त्याचा जोडीदार येत होता, हेल्मेट काखेत धरून, आम्हाला हात करत.

"तू म्हणली असतीस तर गेलो असतो ताई," भाऊ म्हणाला. "कायकू म्हणून पण नसतं विचारलं."

जोडीदार टेबलाशी आला, अक्का म्हणून त्याने मला नमस्कार केला आणि आमच्यात बसला. आज व्हेसल सुरू होणार का, त्याने भावाला विचारलं. भावाने माझ्याकडे बघितलं, आणि मी हो म्हटलं. मग मी पोऱ्याला हाक मारून त्याच्यासाठी चहा मागवला, सोबत उस्मानिया बिस्किटं, आणि त्याने बिस्किट बुडवून खाल्लं ते बघत राहिले.